मदत हवी आहे : लंडनच्या व्हाइट्स क्लबचा इतिहास

नमस्कार मंडळी. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या व्हाइट्स क्लबवर लेख लिहितेय. १६९३ साली फ्रान्सेस्को बियांको या इटालियन माणसाने चॉकलेट पिण्याचं ठिकाण म्हणून ते सुरू केलं. १७३३ मध्ये मोठी आग लागली, पुढे त्याचाच उमरावांचा क्लब झाला.

मला सगळ्यात ओढ आहे ती तिथल्या पैजांच्या वहीची. कोणाचं लग्न कधी होणार, कोण आधी मरणार, यावरसुद्धा हे लॉर्ड लोक पैजा लावत! १७४३ पासूनच्या नोंदी टिकल्यात. त्या छापील स्वरूपात कुठे वाचायला मिळतील? शिवाय पैसे मोजून येणारी गिऱ्हाइकं जाऊन निवडून घेतलेले सभासद कसे आले, हे नीट सांगणारं पुस्तक कुणी वाचलंय का? मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात असेल तर फारच बरं.