‘मॉल्टी’ला मराठीत काय म्हणावं?

इंदूरकर मामा: परवा इथल्या एका मायक्रोब्रुअरीत भाच्याने आग्रहाने ‘डुंकल’ पाजली. जर्मन पद्धतीची लागर बीअर, गुळाच्या पाकासारखी लालसर तपकिरी. मी ‘छान आहे’ म्हटलं, तर म्हणे, ‘मामा, मॉल्टी म्हणा!’ तेव्हापासून शब्द शोधतोय. ‘माल्टयुक्त’ म्हटलं की टॉनिकच्या बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं वाटतं.

सराफ्याचा खवय्या: खमंग म्हणा की.

तुकोगंजच्या काकू: खमंग नको, त्यात फोडणी आली. माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेला सातू. नाचणीच्या सत्वासाठी आपण करतो तसंच. (सातू म्हणजे जव बरं का. इंदुरात ‘सातूची बीअर’ म्हणालात तर लोक सत्तूचं सरबत समजतील.) डुंकलसाठी मुख्यतः म्युनिक माल्ट घेतात. पिल्सनर बीअरच्या फिक्या माल्टपेक्षा तो जास्त उष्णतेवर सुकवतात, पण जाळत नाहीत. म्हणून ती पावाच्या तांबूस कडेसारखी चव. आपल्याकडे तिला ‘खरपूस’ म्हणतात. एक पायरी पुढे गेलं की करपट, आणि डुंकल करपट लागता कामा नये.

इंदूरकर मामा: खरपूस पटलं. पण खरपूस तर भाकरीही असते. गोडव्याचं काय?

तुकोगंजच्या काकू: लाडवाचं बेसन भाजताना साखर पडायच्या आधीच वास गोड येतो ना? तो गोडवा. शिवाय मोड आलेल्या दाण्यातली विकरं गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात. बरीचशी यीस्ट खातं, थोडी छटा उरते. हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा मागे ठेवलेला असतो, त्यामुळे ती जाणवते. ‘खरपूस-गोडसर’ म्हणा, जोडशब्दाला कशाला लाजायचं!

जर्मन शिकणारी: नावाचंही बघा ना, मामा. ‘डुंकल’ म्हणजे गडद. ‘श्वार्झ’ म्हणजे काळा, आणि श्वार्झबिअर ही निराळीच बीअर. म्हणजे ती काळी आणि ही सावळी! ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं. ही बीअर आंबवून झाल्यावर थंडाव्यात कित्येक आठवडे ठेवतात. त्याला आपल्याकडे लोणच्यामुळे तयार शब्द आहे, ‘मुरणं’.

सराफ्याचा खवय्या: मुरलेली बीअर. वा! माझं खमंग मागे घेतो.

इंदूरकर मामा: भाच्याला कळवलं. तो विचारतो, ‘रिच’ला काय? ‘भरदार’ सुचतंय. ‘समृद्ध’ म्हणणाऱ्याने पुढचं बिल भरावं.