ईआरजी : थेंब घालून की न घालता?

एकाने विचारलंय, की मिरजेला ईआरजी (डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, प्रकाशाला मिळणारी विद्युत प्रतिक्रिया मोजणारी तपासणी) करून लगेच स्वतः गाडी चालवत साताऱ्याला परतायचंय, तर थेंब घालून बाहुली मोठी न करता तपासणी चालेल का? कशासाठी करताय त्यावर आहे. पडद्यावर पडणारा प्रकाश बाहुलीच्या क्षेत्रफळाप्रमाणे ठरतो. ८ मिमी बाहुलीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मिमी, ३ मिमीचं जेमतेम ७. फ्लॅश तोच, पण आत प्रकाश सातपट कमी! मग ईआरजीत नोंदली जाणारी विद्युत लहर बुटकी आणि उशिरा येते, निरोगी पडदाही आजारी वाटतो. काही हातातली यंत्रं बाहुली मोजून फ्लॅश वाढवतात. फ्लिकरच्या (भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या) चाचणीत लहर किती वेळात येते ते मोजायला ती चांगली. पण रातांधळेपणाची शंका असेल तर थेंब घालून, २० मिनिटं पूर्ण अंधारात बसूनच करा. त्याआधी फंडस फोटो (पडद्याचा फ्लॅश मारून काढलेला फोटो) काढून घेऊ नका, रॉड पेशी (अंधारात पाहणाऱ्या पेशी) थकलेल्या राहतात. पॅटर्न ईआरजी (फ्लॅशऐवजी काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवून केलेली) मात्र थेंबांआधीच. चौकटी स्पष्ट दिसायला हव्यात, जवळचा चष्मा न्या. काचबिंदू किंवा रक्तदाब असेल तर थेंबांआधी सांगा. थेंबांनंतर काही तास गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी घेऊन जा.