उभी बाटली, आडवी बाटली: सह्यांपासून मतदानापर्यंत कसं जायचं?

पायरीवरची
गावात परवानाधारक देशी दारूचं दुकान आहे. यादीत महिला मतदार १२४०. ते महिलांच्या मतदानाने बंद करायचा ग्रामसभेत ठराव झाला, बचत गटांच्या बायका तयार आहेत. मतदान मागायला सह्या किती लागतील? सरळ जिल्हाभर दारूबंदीच मागावी, असंही काहीजणी म्हणतात.

चावडी
राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांचं निवेदन लागतं, म्हणजे तुमच्याकडे ३१०. पण ३१० वर थांबू नका, साडेचारशे तरी गोळा करा. उत्पादन शुल्कवाले पडताळणी करतात आणि तिथेच अर्ज गळतात: सही यादीतल्या नावाशी जुळत नाही, एकीनेच घरातल्या तिघींच्या सह्या ठोकलेल्या असतात, नाहीतर माहेरचं नाव लिहिलेलं असतं. प्रत्येक सहीपुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. अंगठा असेल तर शेजारी पूर्ण नाव. पडताळणीच्या दिवशी ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायला सांगा.

आडवी_रेघ
खरी मेख पुढे आहे. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. गुप्त मतदानात आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, झालेल्या मतदानाच्या नव्हे. तुमच्याकडे ६२१. समजा ९०० जणी आल्या: आडवी ६००, उभी २७०, बाद ३०. दुपटीहून जास्त मतं मिळूनही दुकान चालूच! दुकानदाराला उभ्या बाटलीचा प्रचार करावाच लागत नाही, बायका घरी बसल्या की त्याचं काम झालं.

म्हणून आधी यादी साफ करा. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं राहिली तर तीही तुमच्या विरोधातच मोजली जातात. वगळण्यासाठी नमुना ७ भरून बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) द्या. ऊसतोडीला जाणारं गाव असेल तर टोळ्या निघायच्या आत मतदान व्हावं, अशी मागणी निवेदनातच लिहा. आणि वाडीवार नमुना मतपत्रिका दाखवा. शिक्का आडव्या बाटलीवर मारायचा, हे ऐकून कळत नाही, पाहून कळतं.

झाडीपट्टी
जिल्हाभराच्या दारूबंदीचं म्हणाल तर चंद्रपूरकडे बघा. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने दारूबंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पदयात्रा नेली. बंदी लागू झाली ती १ एप्रिल २०१५ ला, आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. ती ताकद मोठीच होती, पण निर्णय शेवटी सरकारच्या हातात राहिला. एका दुकानासाठी तो रस्ता धरू नका.

पायरीवरची
आणि ओढ्याकाठची हातभट्टी?

चावडी
मतदानाने फक्त परवाना बंद होतो. हातभट्टीला परवानाच नाही, तो दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा. ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, एक प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांना. २०१६ च्या दुरुस्तीने अवैध दारूवर लक्ष ठेवणाऱ्या ग्राम रक्षक दलाची सोय झाली आहे, त्याची मागणी ग्रामसभेतून आत्ताच करा. दुकान बंद झालं की पहिलं गिऱ्हाईक तिकडेच वळतं.