'वारसा' : चालवणे, सांगणे, नाकारणे

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेचे कथाकार कॅन थेम्बा यांच्यावरील लेखात मी 'पुढच्या कथाकारांनी त्यांचा वारसा चालवला' असे लिहिले आहे, पण ते वाक्य खटकते. 'वारसा'ऐवजी 'परंपरा' किंवा 'ऋण' योजावे का?

उत्तर : नाम योग्यच आहे, खटकते ते क्रियापद. वारसा 'चालवणे' म्हणजे पूर्वसूरींचे काम त्याच दिशेने पुढे नेणे. थेम्बा यांच्या 'द सूट' (१९६३) या कथेतला, जोहान्सबर्गच्या सोफायाटाउन वस्तीतला फिलेमन पत्नी माटिल्डाच्या पळून गेलेल्या प्रियकराचा सूट घरात पाहुणा म्हणून ठेवतो, त्याची सरबराई तिच्याकडून करून घेतो, आणि या छळाची अखेर माटिल्डाच्या मृत्यूत होते. पुढे कथाकार सिफिवो महाला यांनी आपल्या कथेत त्या प्रियकराला बोलते केले, तर झुकिस्वा वॉनर यांनी माटिल्डाला. एकाच कथेवर इतके हक्कदार उभे राहावेत, हे मला तरी थेम्बांच्या थोरवीचेच लक्षण वाटते. मात्र ही मंडळी मूळ कथेशी वाद घालत आहेत, म्हणून येथे 'वारसा सांगितला' हे 'चालवला' यापेक्षा अधिक जवळचे आहे.

'परंपरा' मी टाळीन. त्या शब्दात अखंड क्रम गृहीत असतो आणि थेम्बांच्या बाबतीत तो बळाने तोडला गेला : वर्णद्वेषी राजवटीने १९६६ साली त्यांच्या लेखनावर बंदी घातल्याने मायदेशी ते उघडपणे छापता येईना. मधली वर्षे कोरडी गेल्यावरही जे हाती येऊ शकते, त्याला वारसाच म्हणतात.

दुसरे उत्तर : 'वारसा' हेच नाम योग्य, हे मलाही मान्य आहे; 'ऋण' नको, कारण ऋण फेडायचे असते आणि फेडणारा भांडत नाही. परंतु 'वारसा सांगणे' या प्रयोगाला मराठीत थोडा बढाईचा वास येतो; 'अमक्याचा वारसा सांगणारे' असे आपण बहुधा उपरोधानेच म्हणतो. 'वारशावर हक्क सांगितला' असे लिहिल्यास तो वास जातो. (सामान्यरूप 'वारशा-' असेच करावे, 'वारसावर' नव्हे.) लेखात दक्षिण आफ्रिकेचेच कथाकार-समीक्षक न्जाबुलो न्देबेले येणार असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे क्रियापद लागेल. १९८०च्या दशकात त्यांनी वर्णद्वेषाविरुद्धच्या निषेधकथेतल्या भडक, दृश्यप्रधान मांडणीवर टीका केली आणि कथेने सामान्यांच्या रोजच्या जगण्याकडे वळावे, असा आग्रह धरला. तेथे 'वारसा पारखून घेतला' म्हणता येईल; 'नाकारला' म्हणणे अन्यायाचे होईल.