पावसाळी शिबिरासाठी सुरी, कोयती, करवत: नक्की काय घ्यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. आम्ही काही जण मिळून दर पावसाळ्यात गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना सत्तरीत ओळखीच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, राहायला नेतो. ताडपत्री बांधायची, ओल्या लाकडाची चूल पेटवायची, ओहोळाच्या कडेने वाट काढत चालायचं, असं सगळं शिकवतो. जागा खाजगी आहे, मालक स्वतः बरोबर असतात, अभयारण्याच्या हद्दीत आम्ही जात नाही. शिकारीचा तर प्रश्नच नाही, हे आधीच सांगतो कारण असला विषय काढला की लोकांना तेच वाटतं.

गेल्या पावसात ऑनलाइन मागवलेली एक सुरी बांबू चिरताना एका पोराच्या हातात मुठीतून तुटली. जाहिरातीत ‘सर्व्हायव्हल’, ‘फुल टँग’ (म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं) सगळं लिहिलेलं होतं. पातं उडून पोफळीच्या बुंध्याशी पडलं, कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. नंतर मूठ फोडून बघितली तर आत गेलेली पात्याची शेपटी जेमतेम दोन पेरं लांब, करंगळीपेक्षा बारीक, आणि भोवती पिवळा गोंद ओतलेला. वरचे दोन रिव्हेट नुसते दिखाव्याचे, ते पात्यातून आरपार गेलेच नव्हते. दुसऱ्यांची पोरं आपल्या भरवशावर येतात, त्यामुळे यंदा सगळं सामान नीट विचार करून नव्याने घ्यायचं ठरवलंय.

आता अडचण अशी की इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतले शिकारी आणि स्वीडन-फिनलंडातले बर्फातले कॅम्पवाले, त्यांचेच सल्ले मिळतात, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते तिथे त्यांचं कितपत लागू पडतं कळत नाही. कुणी म्हणतं कार्बन स्टीलच घे, धार लवकर लागते, कुणी म्हणतं स्टेनलेसशिवाय बघू नको. मोरा कंपॅनियन या स्वीडिश सुरीचं नाव सगळीकडे येतं पण ती फुल टँग नाही, शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, आणि आमचा अनुभव असा असल्यामुळे मन धजत नाही. ओपिनेलची आठ नंबरची घडीची सुरी एकाने वापरायला दिली होती, पातं सुंदर, कांदा-टोमॅटो लोण्यासारखा कापते, पण दिवसभराच्या पावसात लाकडी मूठ फुगली आणि सुरी उघडता उघडेना.

मला विचारायचंय ते हे की पोरांच्या हातात द्यायला साधी पक्क्या पात्याची सुरी कुठल्या स्टीलची घ्यावी, जाड कामाला आपली गावठी कोयतीच बरी की मशेटी किंवा खुकरी, आणि हे सगळं गाडीतून नेताना कायद्याचं काय. बजेट एका सुरीमागे दीड-दोन हजार, मोठी हत्यारं दोन-तीनच लागतील. ज्यांनी गोव्याच्या पावसात खरंच वापरलंय त्यांनी सांगावं ही विनंती.

---

कुळागरकार, वाळपई

बाब, मोठ्या कामाला कोयतीच. आमच्याकडे रोज वापरतात म्हणून सांगतो. तिचं पुढचं वाकडं टोक असतं ना, त्याने वेल, काटेरी फांदी आपल्याकडे ओढून घेता येते आणि जमिनीलगत गवत कापताना धार दगडावर आपटत नाही, वाकडा भाग आधी लागतो. सरळ मशेटीचं पातं लांब आणि पातळ, कवळ्या गवताला झकास, पण मोकळं मैदान पाहिजे, पोफळींच्या मधे पोरांनी ती फिरवायला घेतली तर शेजारच्याला लागेल. खुकरीत दम आहे पण जड, नवख्याचा हात लवकर दमतो आणि दमलेला हातच चुकतो.

आणि पावसात चूल पेटवायची तर लाकूड फोडावंच लागतं, बाहेरून ओलं असलं तरी उभं वाळलेलं लाकूड आत कोरडं मिळतं. कोयती लाकडाच्या डोक्यावर ठेवायची आणि तिच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. हे काम छोट्या सुरीने करायला लावू नका, सुऱ्या बहुतेक तिथेच मोडतात.

घेताना लोहाराकडूनच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात, पण शक्य असेल तर गावच्या लोहाराला ट्रकच्या पाट्याची करून मागा, ते स्प्रिंगचं स्टील असतं, चिवट. मुठीकडे लोखंडी कडी आहे ना बघा, आणि दोन दिवस पाण्यात ठेवून मग वाळवून मूठ हलते का बघा. पावसात फुगलेलं लाकूड घट्ट वाटतं, खरी ढिलाई उन्हात कळते. कमरेला लाकडी आकडीत अडकवायची सवय मोठ्यांनीच ठेवावी, पोरांनी घसरड्या वाटेवर उघडी कोयती कमरेला लावून चालू नये.

---

टूलरूमवाला, कुंडई

स्टीलबद्दल मी लिहितो, कारण दिवसभर तेच काम.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही. क्रोमियम साधारण १३ टक्के असेल तर पावसात चांगलं टिकतं, मोराच्या स्टेनलेस पात्यात तसंच असतं. डी-टू नावाचं स्टील हल्ली स्वस्त सुऱ्यांमध्ये खूप विकतात, त्यातही क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बन दीड टक्का असल्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत, अडकून पडतं, मग गंज रोखायला उरतं कमी. धार खूप टिकते हे खरं, पण किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि रानात बसून धार लावायला ते कठीण. १०९५ सारखं साधं कार्बन स्टील दगडावर लगेच धार घेतं, पण आमसूल किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळं पडतं. काळं पडलं तर घाबरू नका, तो थर थोडं संरक्षणच करतो, लाल गंज मात्र लगेच काढा.

पोरांसाठी माझं मत स्टेनलेस, पातं १० सेंमीच्या आसपास, पाठ अडीच-तीन मिमी. मोराची शेपटी टोकापर्यंत नसली तरी घाबरू नका, ती मुठीच्या प्लास्टिकमध्ये नीट बसवलेली असते, कापाकापी-सोलण्याच्या कामाला भरपूर पुरते. तुमची तुटली ती शेपटी अर्धी होती म्हणून नव्हे, जोडच खोटा होता म्हणून. तरीपण लाकूड ठोकून फोडायचं असेल तर फुल टँगच घ्या आणि घेताना मुठीच्या मागच्या टोकाला स्टील दिसतंय का बघा, नाही दिसलं तर विक्रेत्याचा शब्द धरू नका.

आणखी एक, चामड्याच्या म्यानात सुरी भरून ठेवू नका, चामडं ओल धरतं. प्लास्टिकचं म्यान, खाली पाणी निघायला भोक असलेलं. घरी आल्यावर धुऊन, पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि म्यानाबाहेर ठेवा.

---

रानवाटा, काणकोण

घडीची करवत कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. मनगटाएवढा बांबू किंवा फांदी कापायची असेल तर करवतीइतकं सुरक्षित काही नाही, घाव घालायचा प्रश्नच येत नाही. ओढताना कापणारे दात असलेली घ्या, पातं वाकत नाही. आमच्या गटात पोरांना पहिल्या दिवशी फक्त करवत आणि छोटी सुरी, कोयती मोठ्यांच्या हातात. सुरी घेऊन बसलेल्याच्या हाताच्या टप्प्यात दुसरं कुणी नको, कापताना धार शरीरापासून बाहेर, मांडीवर ठेवून काहीही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिथे लागलं तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका रानात पोचेपर्यंत घट्ट दाब देऊन ठेवणारा माणूस लागतो. तो कोण असेल हे निघायच्या आधीच ठरवा.

हंटिंग नाइफ म्हणून जे विकतात त्यातल्या काहींच्या पात्याच्या पाठीला आकडा असतो, तो हरणाचं पोट फाडायला. जिथे शिकारीला परवाना मिळतो तिथे त्याचा उपयोग, आपल्याला तो दोरीतसुद्धा अडकतो. टोक पुढे हळूहळू खाली उतरणारं, म्हणजे ड्रॉप पॉइंट, तेवढं मात्र त्यांच्याकडून घ्यावं, टोक मजबूत राहतं आणि भलतीकडे घुसत नाही. मासे साफ करायला वेगळी पातळ लवचिक सुरी न्या, बांगड्याला जाड पातं चालवलं की मांस कुस्करतं.

---

वकीलबाब, फोंडा

कायद्याचं थोडक्यात. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये धारदार हत्यारांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली सोडून. म्हणून कोयती शेतीचं अवजार म्हणून बघितली जाते, पण खंजिरासारखी दिसणारी, दोन्हीकडे धार असलेली सुरी कॅम्पिंगची म्हणून समजावत बसावं लागेल, ती घेऊच नका. प्रवासात सगळं गुंडाळून सामानाच्या तळाशी, बाजारात कमरेला नको.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मात्र कडक आहे. त्यात हत्यार या शब्दाच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते, आणि अभयारण्यात हत्यार घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी परवानगी लागते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, सगळीकडे तेच. तुमचं कुळागर हद्दीला लागून असेल तर ओहोळाच्या कडेने चालताना हद्द कुठे संपते ते वनरक्षकांना विचारून घ्या आणि त्या वाटेवर सुऱ्या कुळागरातच ठेवा.

---

धागाकर्ता, डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार, असं नीट उत्तर कुठेच मिळालं नव्हतं. प्रत्येक पोराला स्टेनलेस छोटी सुरी, घडीच्या करवती दोन, आणि मोठ्यांसाठी दोन कोयत्या असं ठरवतोय. ओहोळाची वाट मालकांबरोबर जाऊन आधी बघून येतो, हद्दीचं विचारतो.

एक राहिलं. आमच्यातला एक पोरगा डावखुरा आहे, आता मोठ्यांच्या गटात येईल, त्याच्या हातात गावठी कोयती दिली की घाव लाकडात न शिरता बाजूला सरकतो. तो काही चुकीचं करतोय असं दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळं काही मिळतं का?

---

कुळागरकार, वाळपई

बाब, ती कोयती एकाच अंगाने घासलेली असणार, उजव्या हाताच्या हिशेबाने. डाव्या हातात ती बाहेर पळते. लोहाराला सांगा दोन्ही अंगांनी सारखी धार काढून दे म्हणून, कानसीने घरीपण होतं पण वेळ लागतो, आणि कानस फिरवताना धार आपल्या हातापासून पलीकडे ठेवा. काढून झाली की त्याच्याच हातात देऊन आधी केळीच्या तोडलेल्या खांबावर मारून बघा, मग लाकडावर.