शब्दचर्चा: कवच ‘प्रसरण पावले’ की ‘ताणले गेले’?

प्रश्न (सोलापूर): मुंबईजवळच्या समुद्रतळाखालील खोऱ्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘क्रस्टल एक्स्टेन्शन’साठी ‘भूकवचाचे प्रसरण’ आणि ‘सिस्मिक डेटा’साठी ‘भूकंपाची माहिती’ चालेल का?

उत्तर १: दोन्ही बदला. प्रसरण म्हटले की तापून आकारमान वाढणे डोळ्यांपुढे येते. इथे भाकरी थापताना होते तसे घडते: पीठ तेवढेच, पसारा वाढतो, जाडी घटते. नुसते ‘ताण’ही नको, ते बलाचे नाव, परिणामाचे नव्हे. ‘कवच ताणले जाऊन पातळ झाले’ असे क्रियापदानेच लिहा. ‘खचदरी’ आणि ‘प्रस्तरभंग’ शाळेपासून ओळखीचे आहेत, ते ठेवा.

आणि भूकंपाचा इथे संबंध नाही. जहाजामागची एअरगन दाबलेली हवा पाण्यात सोडते. थरांवरून परतलेल्या लहरी लांब केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले ध्वनिग्राहक, टिपतात. ‘सिस्मिक नोंदी’ लिहा.

उत्तर २: ‘ताणगुणांक’ हा शब्दही लागेल: मूळ जाडी भागिले आताची जाडी. भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांच्या खोरी कशी बनतात हे सांगणाऱ्या १९७८च्या प्रतिरूपात (मॉडेलमध्ये) हाच गुणांक मध्यवर्ती आहे. सिस्मिक नोंदीत खोली लहर परतायला लागलेल्या वेळेने मोजतात. उदाहरणार्थ, कवचाचा माथा ३ सेकंदांना आणि तळ ९ सेकंदांना दिसला, तर फरक ६ सेकंद. ही वेळ जाऊन-येऊन असते, म्हणून निम्मी करा. वेग सेकंदाला ६ किमी धरला तर जाडी १८ किमी. मूळ ३६ असेल तर गुणांक २. निम्मे करायला विसरलात तर ताण मुळीच दिसणार नाही!

प्रस्तरभंगांवरूनही पडताळा घ्या. १०० किमीच्या छेदात तुटलेल्या थराची टोके मिळून २५ किमी आडवी सरकली असतील, तर मूळ लांबी ७५ आणि गुणांक, इथे आताची लांबी भागिले मूळ लांबी, १.३३. हे उत्तर बहुधा कमीच येते, कारण बारीक प्रस्तरभंग नोंदीत उमटत नाहीत.

उत्तर १: मुंबईच्या बाजूला आणखी एक अडचण, तीही आपल्या ओळखीची. सोलापुरात विहीर खणताना लागतो तोच दख्खनचा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथे गाळाखाली आहे. तो लहरी विखुरतो, उच्च वारंवारतेच्या लहरी तर खालपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून कमी वारंवारता, लांब केबल आणि समुद्रतळावर ठेवलेली उपकरणे वापरतात. शिवाय खालून शिलारस शिरून कवच पुन्हा जाड झाले असेल, तर जाडीवरून काढलेला गुणांकही कमी येतो. अशा ठिकाणी ‘कवच जाड आहे’ याचे भाषांतर ‘कवच ताणलेले नाही’ असे करू नका.