वाडग्याच्या आतल्या फिनिशिंगसाठी कोणते कार्बाइड पाते घ्यावे?

भुशातला: लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लहान लाकडी वाडग्याच्या आतून कार्बाइड पात्याच्या (बदलता येणाऱ्या, अतिशय कठीण पात्याच्या) हत्याराने शेवटचा हात फिरवला की समोरासमोरच्या दोन जागी लाकूड उपटल्यासारखे खडबडीत राहते, बाकी सगळे गुळगुळीत येते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरनेही ते खड्डे जात नाहीत. कृपया पाते सुचवावे. तीन वाडगे द्यायचे आहेत, वेळ कमी आहे.

जुना कातारी: सध्या कोणते पाते लावले आहे? लाकूड कोणते, ओले की वाळलेले?

भुशातला: चौकोनी पाते, वाळलेले अक्रोड. पण प्रश्न नव्या पात्याचा आहे.

तिरपी धार: आतल्या गोलाईत चौकोनी पात्याचा कोपरा रुतण्याचीच भीती असते, म्हणून १६ मिमीचे गोल पाते घ्यावे. त्या दोन जागी तंतूंची टोके समोर येतात आणि सपाट धरलेले पाते ती कापत नाही, खरवडते. पाते बसवलेली दांडी गोल असेल तर हत्यार ४५ अंश तिरपे करून धारेच्या फक्त खालच्या भागाने हलका हात द्यावा. वरचा भाग टेकला तर हत्यार झटका देते.

गाउजवाला: एवढी कसरत करण्यापेक्षा हायस्पीड स्टीलचे बाउल गाउज (पन्हळीसारखे खोलगट कातायचे हत्यार) घ्यावे. बेव्हल (धारेमागचा उतार) टेकवून कापले की तंतू उपटतच नाहीत.

तिरपी धार: गाउजला वरचेवर धार लावावी लागते, ती शिकायला ह्यांच्याकडे वेळ कुठे आहे? त्यापेक्षा निगेटिव्ह रेकचे गोल पाते बरे. त्याची धार वरूनही उतरती असल्याने ते लाकडात ओढले जात नाही.

तेलपाणी: वाडग्यांना जवसाचे तेल पातळ थरात लावून पूर्ण वाळू द्यावे, चमक सुंदर येते.

गाउजवाला: उपटलेल्या जागी तेल जास्त मुरते आणि तेवढेच डाग गडद दिसतात. आधी खड्डे जाऊ द्यात.

जुना कातारी: आहे ते पाते शेवटचे कधी फिरवले होते?

भुशातला: फिरवायचे असते? घेतल्यापासून, म्हणजे वीसेक वाडगे, तीच बाजू वापरतो आहे.

जुना कातारी: स्क्रू सैल करून, खालची बैठक पुसून ते ९० अंश फिरवून न वापरलेली धार पुढे आणावी आणि बाहेरच्या बाजूवर चालवून पाहावे.

भुशातला: फिरवले. मघापर्यंत पीठ पडत होते, आता बारीक कुरळ्या साली निघत आहेत. बाहेरची बाजू स्वच्छ आली. आतल्या एका जागी अजून नखाला खरखर लागते. दांडी चौकोनी आहे, रेस्टवर (हत्यार टेकवायच्या पट्टीवर) तिरपी राहत नाही.

तिरपी धार: मग निगेटिव्ह रेकचेच गोल पाते मागवावे, मात्र स्क्रूचे माप आधी पाहून घ्यावे.